उत्तरेची खाण आणि हक्काची नोकरी

कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांतात युरेनियमच्या धंद्याला पुन्हा तेजी आली आहे. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला आणि त्यानंतर दशकभर युरेनियमचे भाव पडून राहिले. आता ते वर चढले आहेत, बंद पडलेल्या खाणी पुन्हा चालू झाल्या आहेत आणि नव्या खाणींचे प्रस्ताव पुढे आले आहेत. प्रांताच्या उत्तर भागात या धंद्यातील सर्वांत मोठी कंपनी कॅमेको ही आहे. आपल्या तेथील खाणींवर काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक उत्तरेतील आदिवासी व स्थानिक रहिवासी आहेत, असे ही कंपनी अभिमानाने सांगते. कॅनडातील आदिवासींना रोजगार देणाऱ्या आघाडीच्या उद्योगांत तिची गणना होते. आकडा खोटा नाही, आणि आपल्याकडील खाणपट्ट्यांत ज्यांनी काम केले आहे अशा कार्यकर्त्यांना त्याचा हेवा वाटल्यास नवल नाही. तथापि तो आकडा कंपनीच्या औदार्यातून आलेला नाही, आणि त्याने सगळा प्रश्न सुटलेलाही नाही. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे आपल्या चळवळीच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

इतक्या दूरच्या प्रांताची चर्चा येथे का करावी, असे कोणी विचारील. त्याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, हा समाजवाद्यांचा प्रांत आहे. १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार येथे अधिकारावर आले आणि १९६२ साली सार्वत्रिक आरोग्यविम्याची योजना याच प्रांताने त्या खंडात प्रथम अमलात आणली. आदिवासींच्या नोकऱ्यांची अट खाणमालकांवर घालणारे सरकारही त्याच परंपरेतले होते. दुसरे कारण, या व्यवहारात आपला देशही गिऱ्हाईक आहे. २०१५ साली भारताने कॅमेकोशी २०२० पर्यंत सुमारे ७१ लाख पौंड युरेनियम घेण्याचा करार केला. ज्या मालाचे आपण पैसे मोजतो, तो कोणाच्या भूमीतून आणि कोणाच्या श्रमातून येतो हे विचारणे हा ग्राहकाचा अधिकार आहे आणि समाजवाद्याचे कर्तव्यही. तिसरे कारण सर्वांत जवळचे आहे. ‘स्थानिकांना नोकऱ्या द्या’ ही मागणी आपण गेली कित्येक दशके करीत आलो आहोत. ती मागणी मान्य झाल्यानंतर पुढे काय होते, याचा चाळीस वर्षांहून अधिक काळचा अनुभव या प्रांतापाशी आहे.

सास्कॅचेवानचा उत्तर विभाग क्षेत्रफळाने प्रांताच्या निम्म्याच्या आसपास भरतो. पण तेथे वस्ती चाळीस हजारांच्या आतबाहेर, म्हणजे प्रांताच्या लोकसंख्येच्या जेमतेम ३ टक्के आहे. या वस्तीत दहापैकी आठांहून अधिक माणसे आदिवासी आहेत. क्री आणि डेने हे तेथील मूळ समाज. त्यांच्या जोडीला आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला मेटी समाज. सरोवरे, जंगल, मासेमारी आणि केसाळ जनावरांची शिकार यांवर त्यांचे जीवन उभे होते. ब्रिटिश राजसत्तेने १८९९ आणि १९०६ साली या भागातील समाजांशी करार केले. आदिवासींच्या समजुतीप्रमाणे हे भूमी वाटून घेण्याचे करार होते. सरकारने मात्र भूमी सोडून दिल्याचे करार असाच त्यांचा अर्थ लावला. पुढे १९३० साली केंद्र सरकारने जमीन व खनिजे यांचा अधिकार प्रांताच्या स्वाधीन केला. त्या व्यवहारात आदिवासींना कोणी विचारले नाही. म्हणजे खाणीचा पहिला फावडा पडण्यापूर्वीच मालकीचा प्रश्न परस्पर निकालात निघाला होता.

या धंद्यात आदिवासींना प्रथम मिळालेली नोकरी कोणती होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सास्कॅचेवानच्याही पलीकडे, वायव्य प्रदेशात ग्रेट बेअर सरोवराच्या काठी १९३०च्या दशकात एल्डोराडो कंपनीची खाण सुरू झाली. आधी रेडियमसाठी चाललेली ही खाण दुसऱ्या महायुद्धात युरेनियमसाठी चालू लागली आणि तिचे खनिज अमेरिकेच्या अणुबाँबच्या कामी गेले. १९४४ साली कॅनडा सरकारने कंपनी ताब्यात घेतली. तेथील डेने पुरुष खनिजाच्या गोण्या पाठीवरून वाहून बोटींवर चढवीत. त्या धुळीत कोणता धोका आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. पुढे त्यांच्या वस्तीतून कर्करोगाने माणसे गेल्याच्या कहाण्या निघाल्या. १९९८ साली त्याच वस्तीचे प्रतिनिधी हिरोशिमाला गेले आणि आपण नकळत वाहिलेल्या ओझ्याबद्दल त्यांनी तेथील लोकांची क्षमा मागितली. ज्यांनी निर्णय घेतले ते गेले नाहीत; गेले ते हमाल. या एल्डोराडोचाच वारसा पुढे कॅमेकोकडे आला.

सास्कॅचेवानमध्ये एल्डोराडोने १९५३ साली बीव्हरलॉजची खाण सुरू केली आणि तिच्या आधारावर युरेनियम सिटी नावाचे गाव उभे राहिले. शाळा, दवाखाना, दुकाने अशा सर्व सोयींनी नांदते असे हे गाव होते, पण ते मुख्यतः दक्षिणेतून आलेल्या कामगारांसाठी वसले होते. १९८२ साली कंपनीने खाण बंद केली आणि काही हजारांचे ते गाव पाहता पाहता रिकामे झाले. आज तेथे शंभर माणसेही राहत नाहीत. दक्षिणेचे लोक दक्षिणेला परतले. ज्यांना परतायला दुसरी जागा नव्हती, ते तेथेच राहिले.

या पार्श्वभूमीवर १९७१ साली अधिकारावर आलेल्या अ‍ॅलन ब्लेकनी यांच्या सरकारचे काम पाहिले पाहिजे. १९७४ साली या सरकारने सार्वजनिक मालकीचे खाण महामंडळ स्थापन केले आणि युरेनियमच्या नव्या खाणींत प्रांताची भागीदारी ठेवली. क्लफ लेक येथे एका फ्रेंच मालकीच्या कंपनीला खाण काढावयाची होती. तेव्हा न्यायमूर्ती बायडा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमण्यात आले. आधी जमिनीच्या हक्काचा निकाल लावा, मग खाणीचे बोला, असा आग्रह अनेक आदिवासी प्रतिनिधींनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या धर्मसंस्थांनी धरला होता. मंडळाने १९७८ साली अटी घालून खाणीला अनुमती दिली. सरकारने जमिनीच्या भाडेपट्ट्यातच उत्तरेतील लोकांच्या नोकऱ्यांचे कलम घातले. निम्मे कामगार उत्तरेतून घेण्याचे लक्ष्य ठरले. १९८० साली खाण चालू झाली तेव्हा तेथे गाव वसविले गेले नाही. कामगारांना विमानाने नेऊन सात दिवस कामावर ठेवायचे आणि पुढचे सात दिवस घरी सोडायचे, अशी पद्धत सुरू झाली. त्यामुळे नोकरी करणाऱ्याला आपले गाव, आपली भाषा आणि मासेमारी-शिकार सर्वस्वी सोडावी लागली नाही. युरेनियम सिटीच्या मरणातून जो धडा घ्यावयाचा, तो त्या गावाच्या मरणापूर्वीच या पद्धतीत घेतला गेला होता.

या धोरणाचे मर्म भाडेपट्ट्यात आहे. एरवी सरकार कंपनीला विनंती करते, कंपनी आश्वासन देते आणि उद्घाटनाचे हार सुकण्यापूर्वी आश्वासनही सुकते. येथे मात्र जमिनीचा वापर करू देण्याच्या बदल्यात कंपनीने काय द्यावयाचे, ते कराराच्या कागदावर आले. दरवर्षी किती माणसे घेतली, कोणत्या प्रशिक्षणाची तजवीज केली, याचा आराखडा सरकारपुढे ठेवणे तिला बंधनकारक झाले. नोकरी हे भूमीच्या वापराचे भाडे ठरले. भाडे थकले तर घरमालक विचारू शकतो. दान थकले तर याचकाला तोंड उघडता येत नाही. समाजवादी सरकारची ही खरी कामगिरी होती. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरमालक म्हणून कागदावर सही प्रांताने केली. ज्यांची ती भूमी, ते क्री आणि डेने समाज त्या कागदावर पक्षकार नव्हते. ते केवळ लाभार्थी होते.

नोकरीचे कलम आले, पण जागा भरायला माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न लगेच उभा राहिला. याचे मूळ शाळेत होते. कॅनडाच्या निवासी शाळांनी आदिवासींच्या कित्येक पिढ्यांतील मुलांना घरापासून तोडले, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतली आणि शिक्षण मात्र फारसे दिले नाही. त्यांतील अखेरच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. ज्या बापाला शाळेचे नाव काढताच मार आठवतो, त्याच्या मुलाकडून बारावीच्या गणिताची अपेक्षा करायची आणि ती पुरी झाली नाही की ‘पात्र उमेदवार मिळत नाहीत’ असा शेरा मारायचा, हा कारखानदारीचा जगभरचा रिवाज आहे. सास्कॅचेवानमध्ये निदान या शेऱ्यावर विषय संपविला गेला नाही. १९९३ साली खाण कंपन्या, केंद्र सरकार, प्रांत सरकार आणि उत्तरेतील आदिवासी संस्था यांनी मिळून खर्च वाटून घेणारी एक संयुक्त प्रशिक्षण योजना आखली. नॉर्थलँड्स कॉलेज या उत्तरेतील सार्वजनिक महाविद्यालयातून खाणकाम, गिरणीतील प्रक्रिया आणि किरणोत्साराची मोजदाद यांसारख्या कामांचे अभ्यासक्रम चालू झाले. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन अशा हुन्नरांसाठी शिकाऊ उमेदवारी मिळू लागली. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, त्यांना ते पुरे करून मग हुन्नराकडे जाण्याची वाट मिळाली. निम्म्याच्या आसपास जाणारा आकडा या सर्व खटपटीचे फळ आहे. कायद्याचे कलम, सार्वजनिक पैसा आणि गावाजवळचे कॉलेज या तीन पायांवर तो उभा आहे. यांपैकी एकही पाय कंपनीने स्वतःहून रोवलेला नाही.

दरम्यान मालकी बदलली होती. १९८२ साली ब्लेकनी यांचा पराभव झाला. पुढे १९८८ साली प्रांताचे खाण महामंडळ आणि केंद्राची एल्डोराडो कंपनी यांचे एकत्रीकरण करून कॅमेको निर्माण करण्यात आली. १९९१ पासून तिचे भाग बाजारात विकले जाऊ लागले आणि २००२ पर्यंत सरकारी भांडवल संपूर्णपणे बाहेर पडले. लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दोन सार्वजनिक कंपन्यांची मिळून एक खाजगी कंपनी झाली. हे खाजगीकरण करताना सरकारने एक खबरदारी अवश्य घेतली : कंपनीचे मुख्य कार्यालय सास्कॅचेवान प्रांताबाहेर जाता कामा नये, असे बंधन घातले आणि परकीय भागधारकांच्या मतांवर मर्यादा घातली. हे बंधन योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ पाहा. सास्काटून या दक्षिणेकडील शहरातील पांढरपेशा नोकऱ्या कायद्याने सुरक्षित केल्या गेल्या. उत्तरेतील कामगाराच्या नोकरीला मात्र असे संरक्षण मिळाले नाही. तेथे लक्ष्य, आराखडा आणि प्रयत्नांची पराकाष्ठा असे शब्द वापरले गेले. सरकारला बांधता येत नाही असे नाही. कोणाच्या हितासाठी बांधायचे, याची निवड सरकार करीत असते.

नफ्याची गोष्टही अशीच आहे. कॅमेकोने १९९९ साली स्वित्झर्लंडमध्ये एक उपकंपनी स्थापन केली. कॅनडातील कंपनी तिला ठरलेल्या भावाने युरेनियम विके, आणि पुढे भाव चढल्यावर नफ्याचा मोठा भाग तिकडे दिसू लागला. कॅनडाच्या करखात्याने त्यावर आक्षेप घेतला. २०१८ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने करखात्याचे अपील ऐकण्यास नकार दिला. व्यवहार कायदेशीर ठरला. म्हणून तर तो अधिक विचार करण्यासारखा आहे. खनिज उत्तरेचे, श्रमही बऱ्याच अंशी उत्तरेचे, आणि कायद्याला धक्का न लावता नफा आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी. १९९०च्या दशकात केंद्र व प्रांत यांनी नेमलेल्या संयुक्त समितीने खनिजाच्या महसुलाचा वाटा उत्तरेतील समाजांना द्यावा असे सुचविले होते. प्रांताने ते स्वीकारले नाही, आणि पुढील सरकारांनीही नकारच दिला. महसुलाचा वाटा नाकारला म्हणजे नोकरी हाच एकमेव वाटा उरतो. म्हणून त्या नोकरीचे स्वरूप बारकाईने तपासणे भाग आहे.

तपासू लागले की पहिली गोष्ट दिसते ती पायऱ्यांची. खाणीवर उत्तरेचे लोक निम्मे असले, तरी ते सर्व पायऱ्यांवर सारखे विखुरलेले नाहीत. यंत्र चालविणारे, माल वाहणारे, स्वयंपाक व साफसफाई करणारे, पहारा देणारे यांत त्यांचा भरणा; भूशास्त्रज्ञ, अभियंते, व्यवस्थापक यांत ते मोजके. बेरजेचा एकच आकडा दिला की हा उतार दिसेनासा होतो. पुढे तर हा उतार अधिक घातक ठरणार आहे. मॅकआर्थर रिव्हर आणि सिगार लेक येथील खनिज इतके समृद्ध आहे की ते जगातील सरासरीच्या शंभरपट असल्याचे सांगतात. किरणोत्सारामुळे माणसाला त्याच्याजवळ जाता येत नाही, म्हणून जमीन गोठवून दुरून चालणाऱ्या यंत्रांनी ते काढावे लागते. अशा खाणीत दर पौंडामागे माणसे थोडी लागतात, आणि जी लागतात ती अधिक शिकलेली लागतात. यांत्रिकीकरणाची कुऱ्हाड नेहमी खालच्या पायरीवर पडते. आज खालच्या पायरीवर निम्मे असलेले लोक उद्या पायरीच नाहीशी झाल्यावर कोठे जातील?

दुसरी गोष्ट मंदीची. २०१६ साली रॅबिट लेकची खाण थांबविण्यात आली आणि सुमारे ५०० नोकऱ्या गेल्या. २०१८च्या आरंभी मॅकआर्थर रिव्हरची खाण आणि तिचे खनिज दळणारी की लेकची गिरणी दहा महिन्यांसाठी म्हणून बंद झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ही बंदी बेमुदत ठरली आणि तेथील सुमारे ५५० कामगारांना कायमचे घरी पाठविण्यात आले. जगातील अत्यंत समृद्ध खाणींपैकी एक असलेली ही खाण कोरडी पडली म्हणून बंद झाली नाही. भाव पडले म्हणून झाली. भागधारकांच्या दृष्टीने हे शहाणपणच होते : खनिज जमिनीत सुरक्षित राहते आणि भाव आल्यावर काढता येते. खनिजाला थांबता येते. शिकून तयार झालेल्या कामगाराला थांबता येत नाही. त्याचे हप्ते थांबत नाहीत, मुले वाढायची थांबत नाहीत. सास्काटूनच्या फिटरला दुसऱ्या कारखान्यात काम शोधता येते. पाइनहाउससारख्या लहानशा गावातील फिटरपुढे गाव सोडणे किंवा हुन्नर सोडणे एवढेच उरते. २०२२ साली खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा नव्याने माणसे शोधण्याची आणि शिकविण्याची वेळ आली. चार वर्षांत जे कौशल्य विखुरले, ते बहुतांशी सार्वजनिक पैशातून घडलेले होते. खाजगी कंपनीच्या ताळेबंदात हे नुकसान कोठेही लिहिले जात नाही.

कपातीच्या प्रसंगी आणखी एक पेच उभा राहतो, आणि तो आपल्या कामगार संघटनांनाही परका नाही. शेवटी आलेल्याला आधी काढायचे, हा सेवाज्येष्ठतेचा नियम मालकाच्या मनमानीला आळा घालणारा आहे. तो आपण लढून मिळविला आहे. पण ज्या समाजाला कामाच्या दारात उशिरा प्रवेश मिळाला, त्याच्यावर तोच नियम पहिला घाव घालतो. नियम मोडावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु मंदीच्या काळात कामाचे तास वाटून घेणे, घरी बसविलेल्यांना वेतनासह पुढच्या पायरीचे प्रशिक्षण देणे, अशी सोय संघटनेने स्वतःच करारात मागितली पाहिजे. मॅकआर्थर रिव्हर व की लेक येथील कामगार पोलाद कामगारांच्या मोठ्या संघटनेत आहेत. गावची पंचायत आणि कामगार संघटना एका मेजाशी बसल्या, तर हा पेच सोडविता येण्याजोगा आहे.

गेल्या काही वर्षांत कंपनीने आदिवासी गावांशी थेट करार करण्याची पद्धत स्वीकारली आहे. २०१२ साली पाइनहाउसशी, २०१३ साली इंग्लिश रिव्हरशी आणि २०१६ साली अथाबास्का खोऱ्यातील सात वस्त्यांशी असे करार झाले. नोकऱ्या, प्रशिक्षण, ठेके आणि गावच्या निधीला रक्कम अशी कलमे त्यांत असतात. यांत एक भले पाऊल निश्चित आहे : पूर्वी जे समाज कागदावर नव्हते, ते आता सही करणारे झाले. आदिवासींच्या स्वतःच्या मालकीचे उद्योग उभे राहिले. ला राँज येथील क्री समाजाने १९८१ साली स्थापन केलेली कित्साकी ही संस्था आणि १९८६ साली तिच्या भागीदारीत सुरू झालेली मालवाहतूक कंपनी ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. नोकराबरोबर मालकही उत्तरेचा असला, तर पगाराचा पैसा गावात दोनदा फिरतो. परंतु या करारांच्या मोबदल्यात गावाने खाणीला पाठिंबा द्यावा, अशी अपेक्षा त्यांत गुंफलेली असते. त्यामुळे काही रहिवाशांनी या करारांविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. यातील धोका स्पष्ट आहे. प्रशिक्षणाची जागा जर गप्प राहण्याची किंमत होऊ लागली, तर जे भाडे म्हणून हक्काचे होते ते पुन्हा बक्षीस होऊन बसेल. शिवाय दोन पक्षांच्या खाजगी करारामागे सरकारला आपली जबाबदारी अंगावेगळी करता येते.

येथे आपल्यातील काही मित्र हरकत घेतील. जैतापूरच्या लढ्यात आपण अणुवीजप्रकल्पाला विरोध केला. मग युरेनियमच्या खाणीतील नोकऱ्यांचा कैवार कसा घेता? हरकत गंभीर आहे, आणि सास्कॅचेवानच्या समाजवादी पक्षातही या प्रश्नावर वर्षानुवर्षे दोन तट होते. आमचे म्हणणे एवढेच की, खाण असावी की नसावी हा प्रश्न एक, आणि जी खाण आहे तिच्यात कोणी कोणत्या पायरीवर काम करावे हा प्रश्न दुसरा. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा तहकूब ठेवला, तर त्याची झळ ज्याला ‘नाही’ म्हणण्याची आर्थिक ताकद नाही अशा माणसालाच बसते. उलट ज्या गावात शिकलेले भूशास्त्रज्ञ, किरणोत्सार मोजणारे तंत्रज्ञ आणि हिशेब वाचणारे तरुण आहेत, तेच गाव कंपनीचा अहवाल तपासून ‘नाही’ म्हणू शकते. प्रशिक्षणाने नोकरी मिळते तशी नकाराची शक्तीही मिळते.

कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांतील ९२ वी उद्योगांना उद्देशून आहे. आदिवासींना नोकऱ्या, प्रशिक्षण व शिक्षण यांत न्याय्य प्रवेश मिळावा आणि विकासाचा दीर्घकालीन लाभ त्यांच्या समाजांना व्हावा, असे ती सांगते. ‘दीर्घकालीन’ हा शब्द व्यवहारात आणायचा तर काही गोष्टी आज, तेजीच्या काळातच झाल्या पाहिजेत. कारण मंदीत कोणतीही कंपनी वाटाघाटीला बसत नाही. नोकऱ्यांचे आकडे एकूण बेरजेने न देता पायरीवार, गाववार आणि स्त्री-पुरुषवार प्रसिद्ध झाले पाहिजेत. स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम करीत आहोत. कारण आठवडाभर घराबाहेर राहावे लागणाऱ्या कामात मुलांची सोय झाली नाही, तर स्त्रीला भरतीचे दार उघडे असूनही बंदच असते. नव्या खाणीचा भाडेपट्टा देताना प्रशिक्षण खाण सुरू होण्याच्या काही वर्षे आधी सुरू करण्याची अट हवी. आज सुरू केलेल्या शिक्षणातून अभियंता घडायला दहा वर्षे लागतात, आणि खाण उभी राहिल्यावर सुरुवात केली तर वरच्या जागा दक्षिणेतून भरून झालेल्या असतात. काढलेल्या प्रत्येक पौंडामागे ठरावीक रक्कम प्रशिक्षण निधीत जमा व्हावी, आणि मंदीत तोच निधी घरी बसलेल्या कामगारांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा. मिळणारे प्रमाणपत्र त्या एका खाणीपुरते न राहता देशभर चालणारे असावे. आणि या निधीचा कारभार गावे, कामगार संघटना आणि सार्वजनिक महाविद्यालय यांच्या बहुमताच्या मंडळाकडे असावा. कंपनीला तेथे एक खुर्ची पुरे.

डॉ. राममनोहर लोहियांनी विशेष संधीचा विचार आपल्याला दिला, त्याची येथे आठवण होते. शतकानुशतके मागे ठेवलेल्यांना केवळ समान संधी देऊ केली तर विषमता आहे तशीच राहते, हे त्यांचे प्रतिपादन होते. सास्कॅचेवानच्या अनुभवाने त्याला एक पुरवणी जोडली आहे. विशेष संधी पहिल्या पायरीवर देऊन थांबली, तर त्या पायरीवरच एक नवी जात तयार होते. संधी प्रत्येक पायरीवर विशेष असावी लागते.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढले जात आहे. तेथील माडिया-गोंड गावांनी आपल्या देवस्थानाचा आणि जंगलावरील हक्काचा प्रश्न उपस्थित केला आहे. ‘स्थानिकांना रोजगार’ हे शब्द तेथेही प्रत्येक भाषणात आहेत. आपल्यापाशी १९९६चा पेसा कायदा आहे, २००६चा वनहक्क कायदा आहे, आणि मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून तो चालवूनही दाखविला आहे. म्हणजे क्री आणि डेने समाजांना जो पक्षकाराचा दर्जा मिळायला दशके लागली, तो दर्जा देण्याची कायदेशीर चौकट आपल्या ग्रामसभेपाशी आहे. तिचा उपयोग करून घेणे हे आपले काम.

म्हणून गडचिरोलीत, चंद्रपुरात किंवा अन्य कोठेही मागण्यांचे निवेदन लिहायला बसणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. ‘स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या’ एवढे लिहून थांबू नये. त्यापुढे विचारावे : डंपर चालविणारे किती आणि खाण-व्यवस्थापक किती? आयटीआय तालुक्यात कधी सुरू होणार, खाणीच्या आधी की नंतर? भाव पडले तर पहिल्यांदा कोणाला घरी पाठविणार, आणि त्या काळात त्याला कोण शिकविणार? हे सर्व भाडेपट्ट्याच्या कागदावर येणार की भाषणात राहणार? आणि त्या कागदावर ग्रामसभेची सही असणार काय? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत निवेदन अपुरे आहे असे समजावे.